उजेडात टिकणाऱ्या पापण्या

समजा, तुमच्यासमोर एकोणीस वर्षांची एक मुलगी बसली आहे. तिच्या वरच्या पापण्यांना एकही केस नाही. तुमच्या तळहातावर केसांची एक बारीक झालर आहे. रेशमाच्या दोऱ्यावर एकेक केस गाठवून केलेली, जेमतेम सव्वा इंच लांब. ही झालर तुम्हाला तिच्या पापणीच्या कडेवर बसवायची आहे. हातभर अंतरावर बसलेल्या बाईला, दुपारी चारच्या उजेडात, ती उपजत वाटली पाहिजे.

डिंक झालरीला लावा, पापणीला नको. लावल्या लावल्या चिकटवू नका. मनात वीस आकडे म्हणा, तेवढ्यात तो ओढ धरतो. मुलीला तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला सांगा. झालर आधी मधोमध टेकवा, मग बाहेरचं टोक, सगळ्यात शेवटी नाकाकडचं. नाकाकडचं टोक केसभर जरी पुढं गेलं, तरी दर उघडझापीला टोचत राहतं आणि डोळ्याला पाणी येतं. मग काजळाची बारीक रेघ ओढून सांधा झाका. हात थरथरला तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. पाहुणे यायला एक तास आहे.

हे काम सांगलीच्या अंबूबाईनं केलं. तिच्या तोंडून ऐकलं तसं मी लिहितो आहे. ज्यांच्यासाठी तिनं ते केलं, त्यांची नावं तिनं मला सांगितलेली नाहीत. इथं आहेत ती नावं आणि पुढं येणारं सासरचं गाव मी मनानं घातलं आहे.

अंबूबाईचं माहेर वडूजकडचं. लग्न होऊन ती सांगलीत आली तेव्हा तिला नाटक म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. नवरा केरबा नाटकवाल्यांचे चेहरे रंगवायचा, दाढ्यामिशा आणि टोप करायचा. पुढं त्याचे हात थरथरायला लागले आणि काम अंबूबाईकडं आलं. घराच्या पुढच्या खोलीत एक पाट, पाटावर दोन खिळे, खिळ्यांत ताणलेला दोरा. त्या दोऱ्यावर ती दिवसभर केस गाठवते. बायकांनी वेणीत घालायची गंगावनं हे मुख्य काम. गल्लीतल्या बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ पिशवीत साठवून तिला आणून देतात. केरबा भिंतीला टेकून बसतो आणि बोलत राहतो. हात गेले, पण डोळा शाबूत आहे, असं तो स्वतःच सांगतो.

पंचाहत्तर सालच्या फाल्गुनात पद्माक्का तिच्याकडं आली. पद्माक्का जैन व्यापाऱ्याच्या घरातली, दोन गल्ल्या पलीकडं राहणारी. तिच्या घरी अंबूबाईनं दोन लग्नांत गंगावनं दिली होती. पद्माक्कानं आत येऊन आधी दार लोटलं, मगच बसली.

"अंबू, माझ्या चंदनबालाच्या पापण्या गळाल्या."

"कशानं वं अक्का?"

"डॉक्टर म्हणतात, चाई आहे. डोक्यात पडते तशीच. वर्षात येतील म्हणतात. पण स्थळ आत्ता आलंय. अजितकुमार नावाचा मुलगा आहे, कऱ्हाडजवळ मलकापुरात कापडाचं दुकान आहे त्यांचं. असं स्थळ वर्षभर थांबतंय होय?"

"मग सांगून टाका की चाई हाय म्हनून."

पद्माक्कानं लोटलेल्या दाराकडं एकदा वळून बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "शेजारची काल विचारत होती, पापण्याच गेल्या का भुवयाबी? असं विचारलं तिनं. कशासाठी विचारलं ते कळलं ना तुला?"

अंबूबाईला कळलं. पापण्या आणि भुवया झडल्या की लोक ज्या रोगाचा संशय घेतात, त्याचं नाव त्या खोलीत कुणी घेतलं नाही. तो शब्द एकदा गल्लीत फिरला असता, तर चंदनबालाचं लग्न तर राहिलंच, तिच्या पाठच्या दोघी बहिणींचंही झालं नसतं.

"रंगपटात मस्त पापण्या हायत्या," केरबा म्हणाला. "लांबसडक. मागच्या रांगंतनं दिसत्यात."

"आवं, मागच्या रांगंला दाखवायच्या न्हाईत. फुडच्या बाईला दिसाय नकोत," अंबूबाई म्हणाली.

"आणि दिव्याच्या उजेडात नाही," पद्माक्का म्हणाली. "आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. पाहुणे चारला येणार. लख्ख ऊन असणार माजघरात."

अंबूबाईनं आजवर केलेलं नाटकाचं सगळं काम दिव्याखाली बघायचं होतं, आणि लांबून. हे जवळून, उन्हात. तिनं आठ दिवस घेतले. मोठ्या माणसाच्या डोक्याचा केस जाड पडतो, म्हणून तिनं एका लहान पोरीच्या जावळाचे केस मिळवले. सगळे एका लांबीचे कापले की ब्रशासारखं दिसतं, म्हणून एक लांब, एक आखूड असे गाठवले. नाकाकडं अगदी आखूड, बाहेर जरा लांब. दुधाच्या वाटीच्या काठावर गुंडाळून त्यांना बाक आणला. पहिली जोडी लावून चंदनबालाला मागच्या दारात उन्हात उभं केलं, तर केरबा हसायलाच लागला.

"हिला बघून पाव्हणा इचारंल, कंच्या नाटकात काम करतीया?"

चंदनबालाही हसली. हसरी पोर होती. अंबूबाईनं झालरीतला दर दुसरा केस काढून टाकला. दुसरी जोडी जमली.

राहिला प्रश्न चिकटवायचा. नाटकवाले स्पिरिट गम वापरतात. तो घामातही सुटत नाही. पण त्याचा वास येतो आणि पापणीला तो झोंबतो. चंदनबालाचे डोळे लालभडक झाले. तेव्हा अंबूबाईनं खायचा डिंक पाण्यात पातळ करून तो वापरला. वास नाही, झोंबणं नाही. पोरीला बजावलं, "रडायचं न्हाई, तोंड धुवायचं न्हाई. पाणी लागलं की सुटंल." पद्माक्का तेव्हा पाहुण्यांच्या स्वयंपाकात गुंतली होती. तिला हे कुणी सांगितलं नाही.

पाहुणे वेळेवर आले. मुलगा, त्याची आई प्रभावतीबाई आणि एक मामा. अंबूबाई पाणी द्यायला म्हणून माजघरात थांबली. खिडकीतून ऊन थेट चंदनबालाच्या तोंडावर येत होतं. प्रभावतीबाईनं तिला शेजारी बसवून घेतलं, शिक्षण विचारलं, हात बघितले. अंबूबाई सगळा वेळ एकच गोष्ट बघत होती: डाव्या डोळ्याचं बाहेरचं टोक. ते किंचित उचललं होतं, पण ते तिलाच दिसत होतं. मुलाकडं तिनं एकदाही नीट पाहिलं नाही. टोपी होती आणि जाड काळ्या चौकटीचा चष्मा होता, एवढंच तिला आज आठवतं. या गोष्टीसाठी ती स्वतःला अजून शिव्या देते.

जेवणं झाली. ऊन अजून होतं. प्रभावतीबाई उठताना म्हणाली, "बस्तीत दर्शन घेऊनच गाडी धरू. चंदनबालालाही येऊ दे की आमच्याबरोबर."

बस्ती म्हणजे जैनांचं देऊळ, चार घरं टाकून. पद्माक्का कौतुकानं हो म्हणाली. अंबूबाई मागोमाग गेली आणि चपलांपाशी बाहेर थांबली. तिथून आतलं दिसत होतं.

गाभाऱ्याजवळ एका वाटीत पाणी होतं. मूर्तीच्या अभिषेकाचं हे पाणी, गंधोदक, जैन माणसं कपाळाला आणि दोन्ही डोळ्यांना लावतात. अंबूबाईला हे ठाऊक नव्हतं. पद्माक्काला जन्मापासून ठाऊक होतं, पण डिंक कसला लावलाय हे तिला माहीत नव्हतं. चंदनबालाला दोन्ही माहीत होतं. तिनं बोटं नुसती कपाळाला टेकवली आणि ती मागं सरली.

"असं कसं बाळ," प्रभावतीबाई म्हणाली. "ये हिकडं." आणि तिनं आपली बोटं वाटीत बुडवून तिच्या डोळ्यांवरून फिरवली.

डावी पापणी सुटली. गालावर, डोळ्याच्या खाली येऊन चिकटली.

अंबूबाईला वाटलं, आता ही बाई ओरडणार. प्रभावतीबाई ओरडली नाही. तिनं चिमटीनं ती झालर उचलली, उन्हाकडं धरून पाहिली, चंदनबालाच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटवली. मग तिच्या त्या उघड्या पापणीवरून अंगठा फिरवला, हळू, जणू काही ओळखीचं असावं तसा. आणि वळून सगळ्यांना म्हणाली, "चला, गाडीला उशीर होतोय."

घरी आल्यावर पद्माक्कानं डोकं धरलं. तीन दिवस चूल नीट पेटली नाही. चौथ्या दिवशी मलकापूरहून निरोप आला: मुलगी पसंत आहे. हुंडा नको, मानपान नको, लग्न मात्र लवकर, पंधरवड्यात करा.

"देवमाणसं," पद्माक्का रडत म्हणाली. "बघूनसुद्धा हो म्हणाली ती बाई."

केरबा भिंतीला टेकून बसला होता. "एवढं गुळगुळीत?" तो म्हणाला. "रंगपटात बी कोन एवढं गुळगुळीत वागत न्हाई."

"तुमी गप बसा. चांगलं बघवत न्हाई तुमास्नी."

लग्न झालं. महिन्याभरानं अंबूबाईला प्रभावतीबाईचं कार्ड आलं. तसल्याच पापण्यांच्या तीन जोड्या हव्या आहेत, अमुक दिवशी कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर आणून द्याव्यात. अंबूबाईनं नेऊन दिल्या. प्रभावतीबाई बाकावर बसली होती. पिशवी घेतली, चहा पाजला, सून बरी आहे म्हणाली. घरी ये असं म्हणाली नाही. दर दोन महिन्यांनी हेच. दिवाळीनंतरच्या कार्डात वेगळं होतं. पापण्या आहेतच, शिवाय भुवयांची एक जोडी. पुरुषी. गावात हौशी नाटक बसतंय. मागोमाग पाकिटातून माप आलं, कागदावर पेन्सिलीनं काढलेलं.

केरबानं तो कागद उजेडाला धरला. "ही अर्धीच भुवई हाय."

"कागदावर मावली नसंल."

"मावली न्हाई काय? कानाकडची अर्धी काढलीया, नाकाकडची सोडलीया. दोन्हींची तीच. नाटकात भुवई सबंध चिकटवत्यात, तीबी अस्सल भुवईच्या वर. अर्धी कोन मागतंय?"

अंबूबाईनं अर्ध्या भुवया करून दिल्या. संक्रांतीला पुन्हा त्याच मागवल्या. होळीला पुन्हा.

"कसलं नाटक गं हे?" केरबा म्हणाला. "पाच म्हैनं झालं, पडदाच पडंना."

यावर ती हसली नाही. पाटावर दोरा ताणलेला तसाच ठेवून ती त्या मुलाचा चेहरा आठवायला लागली. टोपी. चष्मा. मधलं काहीच येईना.

पुढच्या खेपेला ती ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच गेली. स्टँडवर न थांबता मलकापूरला चालत गेली आणि दुकान विचारत घर काढलं. दार चंदनबालानंच उघडलं.

"अंबूमावशी! अगं बाई, तू कशी?"

अंबूबाईची नजर सवयीनं तिच्या डोळ्यांवर गेली. सांधा दिसेना. काजळ नव्हतं. तिनं पोरीची हनुवटी धरून तिला उन्हाकडं वळवलं. पापण्यांवर खरे केस होते. बारीक, दाट, तिच्या आईसारखे.

"कवा आल्या गं?"

"दिवाळीच्या आधी. डॉक्टर म्हणाले होते तसं."

"मग माज्या जोड्या?"

चंदनबाला लाजली. "ह्यांच्यासाठी. ह्यांनाही चाईच आहे, मावशी. माझ्यासारखीच. आधी पापण्या, मग भुवया. मीच लावते रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी. तू करायचीस अगदी तसंच, वीस म्हणते आणि मगच चिकटवते. डिंक टिकत नाही दुकानात, घाम येतो, म्हणून तो दुसरा गम लावते. मला केवढा झोंबला होता! ह्यांना काहीसुद्धा होत नाही."

"डाक्टरला दाखवलं का?"

"चाईला कशाला डॉक्टर? सासूबाई म्हणतात, आपोआप येतात. माझ्या आल्या, ह्यांच्याही येतील. मात्र माझ्या आल्या तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. का कुणास ठाऊक."

मधल्या दारातून दुकान दिसत होतं. अजितकुमार गिऱ्हाइकाला कापड फाडून देत होता. या वेळी अंबूबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. भुवया उत्तम बसल्या होत्या. तिचं स्वतःचं काम होतं ते. तिच्या डोळ्यांत भरले ते कान. पाळ्या जाड, सुजल्यासारख्या, चकाकत्या. टोप बसवताना हजार कान तिच्या हाताखालून गेले होते. असे कान तिनं वडूजच्या बाजारात, भीक मागत ओळीनं बसलेल्या, बोटं झडलेल्या माणसांचे पाहिले होते.

"आलीस का?" मागून प्रभावतीबाई म्हणाली. "बरं झालं. चहा घे आणि चल, मी सोडते तुला स्टँडपर्यंत."

ओढ्याच्या पुलावर प्रभावतीबाई थांबली.

"त्या दिवशी बस्तीत तिच्या पापणीवर हात फिरवला, तेव्हा मला वाटलं, देवानंच गाठ घातली. तिचंही तेच, ह्याचंही तेच. कुणी कुणाला नावं ठेवायला नकोत. दोघं सांभाळून राहतील."

"तिचं तसं न्हवतं, बाई. तिला चाईच हुती."

"पापण्या आल्या तेव्हा कळलं मला."

"मग तिला म्हायेरी लावून द्या. अजून काय बिघडलं न्हाई."

"काय सांगून लावून देऊ? लोक विचारतील, का पाठवली. दुकानात उद्यापासून कुणी चढेल? आणि तिला तरी परत कोण करून घेईल, ह्या घरात वर्ष काढल्यावर?" प्रभावतीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "माझा पोरगा वाईट नाही गं. तिला फुलासारखं ठेवतो."

"त्यास्नी तरी औषध आना."

"औषध कुठं मिळतं ते माहीत आहे मला. ते आणायला गेलं की काय होतं तेही माहीत आहे."

अंबूबाई परत आली. पद्माक्काला तिनं काही सांगितलं नाही. पाठच्या दोघींची लग्नं व्हायची आहेत. कार्ड आलं की ती भुवया करते, कारण भुवया थांबल्या तर लोकांना दिसेल. आणि भुवया करते म्हणून तो आणखी दोन महिने औषधाला कुठंच जात नाही. हे दोन्ही ती मला एका दमात म्हणाली.

गेल्या मार्गशीर्षात आमची घरोघरची तपासणी तिच्या गल्लीत आली. मी कुष्ठरोगाचा तंत्रज्ञ आहे. प्रशिक्षण एक वर्षाचं, वाहन सायकल. कापसाचा बोळा अंगावरच्या चट्ट्याला हलकेच लावायचा आणि डोळे मिटून बसलेल्या माणसाला, कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगायचं. केरबाच्या पाठीवर एक पांढरा डाग होता. बोळा लावला की तो दर वेळी "हितं, हितं" म्हणून ओरडत होता, आणि गुदगुल्या होतात म्हणून माझ्यावर खेकसत होता. तो डाग साधा होता. मी उठायला लागलो तेव्हा अंबूबाईनं विचारलं, "दादा, तुमी हुडकताय तसल्या मानसाला औषध काय असतंय?"

मी सांगितलं. गोळ्या. फुकट. रोज, काही वर्षं. लवकर सुरू केल्या तर हातपाय वाचतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागते.

"बायकूचीबी?"

"तिची आधी."

मग तिनं दार लोटलं आणि मला हे सगळं सांगितलं, नाव आणि गाव सोडून. मी नाव मागितलं. आजच्या आज तिकडच्या केंद्राला कळवतो म्हणालो. जे मला शिकवलंय ते सगळं म्हणालो. उशिराचे परिणामही सांगितले, जरा जास्तच स्पष्ट सांगितले असतील. ती दोऱ्यावर केस गाठवत ऐकत होती. भुवईच गाठवत होती.

"नाव सांगिटलं तर कोन जानार तितं? तुमी, सायकलीवर?"

"मी नाही. तिकडचे डॉक्टर जातील. जीपनं."

"ती जीप म्या बघितलीया. तिच्यावर हे मोठ्या अक्षरानं लिवल्यालं असतंय."

मी होय म्हणालो.

"एका घरात दोन मानसं हायती, दादा. एकाला औषध पायजे, आनि एकीला सासर सोडून जायाला जागा न्हाई. मी नाव सांगते. मला निस्तं एक सांगा."

ती जे विचारत होती, ते मी वरच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नियमात तसं काही लिहिलेलं नाही. लिहून विचारा म्हणाले. मी लिहून विचारलं. सहा आठवडे झाले. दर सोमवारी मी त्या गल्लीतून जातो. अंबूबाई पाटावरून मान वर करत नाही, फक्त हात थांबवते.

"इचारलंसा का, दादा? ती जीप दारात हुबी ऱ्हाती, का कोपऱ्यावर?"